उसाच्या पाचटाचं गांडूळपाणी: ढीग लावण्यापासून वांग्यावर फवारेपर्यंत

ऊस तुटून गेला की एकरी साधारण तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, रानात पडून राहतं. आमच्या वाळवा तालुक्यात अजून कित्येक जण सरळ काडी लावून मोकळे होतात, हंगामात संध्याकाळी रस्त्यानं जाताना धुरानं डोळे चुरचुरतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या धुरात जे चाललंय तेच आपण पुढं खताच्या पोत्यातनं विकत आणतो. पाचटात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश पाऊण ते एक टक्का, स्फुरद त्याहून कमी, आणि मुख्य म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब. पेटवलं की नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळा हवेत.

खोडव्याच्या, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाच्या, रानातलं पाचट आम्ही बाहेर काढतच नाही. बुडखे छाटून घेतो, पाचट सरीत दाबतो, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं कल्चर, एवढ्यावर ते रानातच कुजतं, हे आता बऱ्याच जणांना माहितीय. अडचण येते शेवटचा खोडवा गेल्यावर, ऊस मोडून तिथं भाजी करायची असते तेव्हा. ते पाचट बांधाला ओढून ठेवावं लागतं आणि बांधाला पडलेल्या पाचटाला कधी ना कधी कोणीतरी काडी लावतंच. मी हे लिहितेय ते त्या बांधावरच्या पाचटाबद्दल. त्याचं खत करून त्या खतातनं व्हर्मिवॉश म्हणजे गांडूळपाणी काढते आणि वांग्याला देते, कृष्णाकाठची वांगी म्हणून जी पुण्या-मुंबईला माहितीयत तीच आमची.

ज्यांचे फोन येतात ते सगळे एकच विचारतात, ताई पाणी कसं काढायचं, बॅरल कुठलं घेऊ, नळ कुठं बसवू. नळ बसवायला अर्धा तास लागतो हो. त्या पाण्यात काय उतरणार हे त्याच्या तीन-चार महिने आधी ढिगातच ठरलेलं असतं. खत नीट कुजलेलं नसेल तर बॅरल कितीही भारी असू दे, खाली येणार ते नुसतं रंगीत पाणी आणि कधी कधी तर पिकाला त्रास देणारं पाणी. म्हणून मी ढिगाबद्दलच जास्त लिहिणार आहे, ज्यांना फक्त बॅरल बघायचंय त्यांनी खाली जावं पण परत वर येऊन हेही वाचावं.

पाचट कुजायला अवघड आहे. पान चिवट, कडेनं धारदार, अंगावर मेणचट थर, आत सिलिका, वरनं पाणी ओतलं तरी घसरून जातं. आणि कर्ब-नत्राचं प्रमाण बघितलं तर १०० ला १ च्या आसपास, तर जिवाणूंना जोमानं काम करायला साधारण ३० ला १ लागतं, म्हणजे खायला ढीगभर आहे पण नत्रच नाही. त्यामुळं दोन कामं टाळून चालत नाही, बारीक करणं आणि नत्र घालणं. कुट्टी मशीन भाड्यानं आणून दोन-तीन इंचाचे तुकडे करून घेते. अख्खं पाचट टाकलं तर त्याचे थर एकमेकांवर चटईसारखे बसतात, आत ना हवा जाते ना पाणी, आणि सहा महिन्यांनी उकरलं तरी मधलं पाचट तसंच पिवळं निघतं. कुट्टी केली की आदल्या दिवशी पाण्यानं चांगली भिजवून ठेवायची, ढीग लावताना वरनं पाणी मारून आतपर्यंत भिजत नाही.

नत्रासाठी युरिया घालायचा मोह होतो, पण हे खत पुढं गांडुळांकडं जाणार आहे आणि अमोनियाचा वास त्यांना अजिबात चालत नाही, म्हणून इथं मी शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) आणि गिरिपुष्पाचा पाला वापरते. गिरिपुष्प आमच्या बांधावर आहेच, छाटलं की परत फुटतं, आणि त्याच्या पाल्यात नत्र चांगलं असतं. वीतभर कुट्टी, त्यावर गिरिपुष्पाचा पाला, त्यावर शेणकाला असा की खालचं सगळं माखलं पाहिजे, मग जुन्या खताची दोन-चार घमेली विरजण म्हणून, परत कुट्टी. शेण आणि पाचट वजनानं साधारण निम्मं-निम्मं. असं चार फूट उंच न्यायचं. यापेक्षा बुटका ढीग तापत नाही आणि फार उंच केला तर खालचा थर दबून हवा बंद होते.

ओल किती हे मुठीनं बघायचं. मूठभर घेऊन जोरात दाबलं की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. हे मी कुठल्याही मीटरपेक्षा जास्त मानते.

दोन-तीन दिवसांत ढीग तापायला लागतो. मी लोखंडी सळई आत खुपसून ठेवते आणि बाहेर काढून हात लावते, नीट चाललं असेल तर सळई धरवत नाही. आत ६० अंशांच्या वर जातं. हे तापणं फार गरजेचं आहे, गवताचं बी, रोगांचे जंतू यातच मरतात, आणि आमच्याकडं भाजीत जे गवत येतं त्यातलं निम्मं कच्च्या शेणखतातनंच येतं असं माझं स्पष्ट मत आहे. चार-पाच दिवसांनी गरमी उतरायला लागली की पलटी मारायची, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, कोरडं दिसलं तर पाणी. परत तापतो. परत पलटी. हे काम अंगमेहनतीचं आहे, कंबर धरते, पण पलटी नाही मारली तर तो ढीग नाही, उकिरडा.

उकिरड्यावरनं आठवलं, आमच्या आत्यांनी म्हणजे सासूबाईंनी सुरुवातीला विचारलं होतं की एवढा उपद्व्याप कशाला, उकिरड्यात पण कुजतंच की. कुजतं, पण हवेशिवाय कुजतं, त्याला आंबूस घाण वास येतो, नत्र उडून जातं आणि मधे मधे कच्चं राहतं. आता त्याच आत्या ढिगाजवळ जाऊन नुसत्या वासावरनं सांगतात झालं का नाही ते. "अगं, पयल्या पावसाचा वास आला म्हणजे झालं समज." आणि त्या म्हणतात ते शास्त्रानं पण बरोबर आहे, पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जिवाणूंमुळं येतो आणि खत पक्व व्हायला लागलं की हेच जिवाणू त्यात वाढतात. ढीग फोडल्यावर पांढरी राखेसारखी बुरशी दिसते त्यात हे पण असतात, ती बघून घाबरायचं नाही, ती दिसली की मला बरं वाटतं.

पलटी मारूनही ढीग तापायचा थांबला, रंग तपकिरी झाला, पाचटाचा तुकडा बोटांत चिरडला की तुटायला लागला, म्हणजे अर्धं काम झालं. आता गांडुळं. आमच्या इथल्या महिला बचत गटाकडनं आयसेनिया फेटिडा जातीची घेतली, लालसर, बारीक, वरच्या थरात राहून कुजकं खाणारी. शेतातली नेहमीची मोठी गांडुळं उचलून बेडमध्ये टाकली तर ती टिकत नाहीत, ती माती खाणारी आहेत, त्यांचं घर वेगळं. बेड सिलपॉलीनचा म्हणजे जाड प्लास्टिक कापडाचा, १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच, एका बाजूला हलका उतार. २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या वस्तीच्या जोत्यापर्यंत आलं होतं, त्यामुळं बेड त्या खुणेच्या वरच्या बाजूला, जांभळीच्या सावलीत घेतला, वर शेडनेट. उन्हाळ्यात पारा ४० च्या आसपास गेला की गांडुळं तळाला जातात नाहीतर सरळ बेड सोडतात, तेव्हा ओली गोणपाटं वरनं टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागतं.

सगळी गांडुळं एकदम सोडू नका. आधी बादलीभर माल घेऊन त्यात मूठभर गांडुळं सोडायची आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी आत शिरलेली असली तर माल तयार आहे, कडेनं वर चढून पळायच्या बेतात असली तर अजून गरमी नाहीतर अमोनिया आहे, आणखी आठवडाभर थांबायचं. मुंग्या, उंदीर, बेडूक आणि कोंबड्या हे चार शत्रू. त्यातल्या कोंबड्या सगळ्यात वाईट, एकदा त्यांना बेड माहीत झाला की जाळीशिवाय पर्याय नाही.

दीड-दोन महिन्यांत वरचा थर चहाच्या पावडरीसारखा दाणेदार काळा दिसायला लागतो. या काळात बेडच्या उताराकडनं जे काळंभोर पाणी झिरपतं ते बरेच जण व्हर्मिवॉश म्हणून वापरतात. मी नाही वापरत. ते अर्धवट कुजलेल्या मालातनं आलेलं असतं, त्यात सेंद्रिय आम्लं असतात, क्षार जास्त असतात, कोवळ्या रोपाला ते सोसेलच असं नाही. ते पाणी मी परत नव्या ढिगावर टाकते. वाया काही जात नाही आणि पिकाला धोकाही नाही.

आता बॅरल. २०० लिटरचं निळं प्लास्टिक पिंप, तळाला नळ. पिंपात खाली विटांचे तुकडे वीतभर, त्यावर जाड वाळू वीतभर, त्यावर जाळीचं कापड, मग फूटभर चांगली पोयटा माती, त्यात गांडुळं, आणि वर पिंप भरत आलं की तयार गांडूळखत, थोडं आठ-पंधरा दिवसांचं शिळं शेण आणि पाचटाची कुट्टी त्यांना खायला. चेन्नईच्या सुलतान इस्माईल सरांनी जी पद्धत लोकांपर्यंत नेली तिचंच हे रूप आहे, आमच्या इथं बहुतेक सगळे थोड्याफार फरकानं असंच करतात. पहिले पंधरा दिवस नळ उघडाच ठेवायचा आणि रोज थोडं थोडं पाणी मारत राहायचं, तेव्हा येणारं पाणी गढूळ असतं, ते झाडांना घालून टाकायचं. या दिवसांत गांडुळं आत बिळं करतात, त्या बिळांच्या भिंतींना त्यांच्या अंगाचा स्राव लागतो, विष्ठा लागते, आणि पुढं पाणी त्यातनंच खाली उतरणार असतं.

मग पिंपावर मडकं टांगायचं, बुडाला बारीक भोक, भोकात सुती वात. महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, अगदी तसं. रात्री नळ बंद करून मडक्यात चार-पाच लिटर पाणी भरायचं, रात्रभर ते थेंब थेंब आत मुरतं, सकाळी नळ उघडला की खाली बरणीत फिकट चहाच्या रंगाचं स्वच्छ पाणी. वास येत नाही, आला तर ओल्या मातीचा. बादलीनं एकदम पाणी ओतून दहा मिनिटांत दहा लिटर काढणारे मी बघितलेत, ते पाणी बिळांच्या फटीतनं सरळ खाली पळतं, त्यात काही उतरत नाही.

मडक्यात कुठलं पाणी घालताय यालाही महत्त्व आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणूंना मारतं, म्हणून उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग वापरायचं. आणि आमच्या पट्ट्यात तर दुसरीच अडचण, उसाला पाटानं पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, बोअरचं पाणी जड आहे. ते पाणी मडक्यात घातलं तर क्षारावर आणखी क्षार. मी नदीचं नाहीतर पावसाचं साठवलेलं पाणी घालते आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस मीटर ठेवलाय, मडक्यात घालायच्या पाण्याचा आकडा आणि खाली आलेल्या पाण्याचा आकडा दोन्ही वहीत लिहिते. खालचा आकडा वरच्यापेक्षा वाढलेलाच असतो, म्हणजे काहीतरी विरघळून आलंय, पण एकदम फार वाढलेला दिसला तर फवारणीला जास्त पातळ करते.

पहिल्या बॅचचं पाणी पिकावर मारायच्या आधी मी अळिवाची चाचणी करते आणि हे सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. अळीव घरात असतातच, बाळंतिणीच्या लाडूचे. दोन ताटल्यांत ओला टिश्यू पेपर, एकात साधं पाणी, दुसऱ्यात पातळ केलेलं गांडूळपाणी, दोन्हीत सारखे मोजून अळीव, झाकून ठेवायचं. तीन-चार दिवसांत मुळं दिसतात. गांडूळपाण्यातली मुळं साध्या पाण्याइतकी किंवा जास्त लांब आली तर खत पक्व आहे. आखूड, तपकिरी टोकाची आली किंवा उगवणच कमी झाली तर खत कच्चं आहे, ते पाणी रोपांना द्यायचं नाही. प्रयोगशाळेत पण खताची पक्वता बघायला अळीव वापरतात, खर्च म्हणाल तर चमचाभर अळिवाचा.

फवारणीला एक भाग गांडूळपाणी आणि दहा भाग पाणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण दीड लिटर. जुन्या सुती साडीच्या दुहेरी घडीतनं गाळून घ्यायचं नाहीतर नोझल तुंबतं आणि भर रानात पंप उतरवून पिनेनं कोरत बसायला लागतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारायचं, पानांच्या खालच्या बाजूनंही. बोर्डो किंवा दुसरं तांबेयुक्त बुरशीनाशक मारलं असेल तर मधे आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे, तांब्यानं जिवाणू मरतात, मग एवढं सगळं करून उपयोग काय. ड्रिपमधनं सोडायचं असेल तर फिल्टरच्या आधी एकदा कापडानं आणि मग डिस्क फिल्टरनं, आणि नंतर साधं पाणी सोडून लॅटरल म्हणजे ड्रिपच्या नळ्या धुवून घ्यायच्या.

फरक काय पडला? मी दर वेळी मधल्या काही ओळी न फवारता सोडते, त्याशिवाय फरक कळत नाही, नुसतं सगळ्या रानाकडं बघून छान दिसतंय म्हणण्याला अर्थ नाही. फवारलेल्या ओळीत रोपं लावल्यावर लवकर सावरली, नवीन फूट लवकर आली, पानांना तकाकी जास्त. फुलगळ थोडी कमी वाटली. तोड्याच्या वजनात मात्र फार मोठा फरक मला दिसला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते कारण उत्पन्न दुप्पट झालं म्हणून सांगणारे व्हिडिओ बघून लोक खताची पोती बंद करतात आणि मग पीक पिवळं पडतं. साधा हिशोब करा, समजा त्या पाण्यात नत्र ०.१ टक्का आहे, तर एका लिटरला एक ग्रॅम झालं. किलोभर युरियात ४६० ग्रॅम असतं. म्हणजे नत्रासाठी हे पाणी नाहीच. यात ह्युमिक आम्लं आहेत, वाढीला चालना देणारी द्रव्यं आहेत, जिवाणू आहेत, सूक्ष्म अन्नद्रव्यं थोडी थोडी आहेत. पोट भरायचं काम खालच्या खताचं. म्हणून पिंपातलं आणि बेडमधलं गांडूळखत आधी रानात जातं, सरीत, आणि पाणी त्याच्या जोडीला.

काही जण यात गोमूत्र मिसळून किडीसाठी मारतात. वांग्याच्या शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मी त्यावर भरवसा ठेवत नाही, अळी आत शिरलेली असते, तिला बाहेरच्या फवाऱ्यानं काय होणार. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावते आणि सुकलेले शेंडे रोज खुडून जाळते.

आणखी एक प्रकार आहे, कंपोस्ट टी, म्हणजे पिशवीत गांडूळखत बांधून पाण्यात सोडायचं, माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावायचा, थोडा गूळ घालायचा आणि दिवसभर-दीड दिवस बुडबुडे चालू ठेवायचे. माझ्या भाच्यानं हौसेनं सेटअप करून दिला, वरती फेस छान येतो, जिवाणू वाढतात हे खरं. पण गुळावर चांगले जिवाणू वाढतात तसे वाईट पण वाढू शकतात, शेणातला ई-कोलाय, साल्मोनेला थोडा जरी शिल्लक असला तरी त्याचीही चंगळ होते. म्हणून गूळ घातलेला टी मी कोथिंबीर, मेथी, काकडी, जे कच्चं खातात त्यावर कधीही फवारत नाही, घालायचाच तर वांग्याच्या बुडात, आणि तोही पंप बंद केल्यावर चार-सहा तासांच्या आत, कारण हवा थांबली की तो सडायला लागतो. लाईट गेली की तेच होतं आणि आमच्याकडं लाईटचा काय भरवसा. गांडूळपाण्याला ही कटकट नाही, सावलीत, झाकण सैल ठेवून ते काही आठवडे राहतं. नासल्याचा वास आला तर मात्र फवारायचं नाही, नारळाच्या आळ्यात ओतायचं.

पिंपातला वरचा माल गांडुळं खात जातात तसा खाली बसत जातो, मी वरनं शेण आणि कुट्टी घालत राहते, आणि पाण्याचा रंग फारच फिका यायला लागला की पिंप रिकामं करते. काढायच्या आधी दोन दिवस पाणी बंद, मग माल उन्हात ढीग करून ठेवला की गांडुळं उजेडाला घाबरून तळाला गोळा होतात, वरचं खत अलगद काढून चाळता येतं. चाळलेलं बारीक खत रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये कोकोपीटबरोबर जातं, वर राहिलेले पाचटाचे जाड तुकडे परत नव्या ढिगात विरजणाला, आणि गांडुळं वाढलेली असतात ती निम्मी बचत गटाला परत देते, त्या बायका पुढं दुसऱ्या कुणाला देतात.